सर्फ म्युझिक वाजवायचंय? गिटारच्या आधी स्प्रिंगचा विचार करा

सर्फ म्हटलं की बऱ्याच जणांना बीच बॉइजची गाणी आठवतात, पण मी इथे बोलतोय ते बिनशब्दांचं सर्फ. १९६१ ते ६४ च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी वाजवलेलं, ज्यात गायक नसतोच, गिटारच गाते आणि तिच्या प्रत्येक स्वरामागे पाणी टपकल्यासारखा, गुहेत ओरडल्यासारखा एक ओला आवाज येत राहतो. हा आवाज एकदा डोक्यात बसला की जात नाही, आणि मग सगळे जण एकच करतात, नेटवर "बेस्ट सर्फ गिटार" शोधतात, असतील तेवढे सगळे पैसे गिटारवर घालतात, घरी आणून वाजवतात आणि तो आवाज येतच नाही. गिटार चांगली असते हो, पण सर्फचा आवाज गिटारमध्ये जेमतेम एक तृतीयांश असतो, बाकीचा एका पत्र्याच्या खोक्यातल्या स्प्रिंगांमध्ये, जाड तारांमध्ये आणि उजव्या हातात असतो. म्हणून हे सगळं कुठल्या क्रमाने घ्यायचं ते सांगतो.

आधी आठवडाभर फक्त ऐका

काहीही विकत घेऊ नका, नुसतं ऐका. बेल-एअर्सचं 'मिस्टर मोटो' १९६१ चं, गिटारवादक डिक डेलचं 'मिसरलू' १९६२ चं, शँटेजचं 'पाइपलाइन' आणि सर्फॅरिसचं 'वाइप आउट' दोन्ही १९६३ मध्ये गाजलेली. ऑस्ट्रेलियातल्या अटलांटिक्सचं 'बॉम्बोरा' पण त्याच वर्षीचं, ते जरूर ऐका. व्हेंचर्स आणि इंग्लंडचे शॅडोज थोडे आधीचे आणि काटेकोरपणे सर्फ नव्हेत, पण बोटं तयार करायला त्यांच्यासारखा गुरू नाही. आणि आपल्याकडचं हवं असेल तर १९६५ च्या 'गुमनाम'मधलं 'जान पहचान हो' लावा, त्यातली गिटार त्याच जमान्याच्या ट्वँगची, म्हणजे टणटणीत आवाजाची आहे.

ऐकताना एक गोष्ट पकडा, कुठली गिटार कोरडी आहे आणि कुठली ओली, म्हणजे रिव्हर्ब (स्वरामागे घुमत राहणारा आवाज) असलेली. 'मिस्टर मोटो' बऱ्यापैकी कोरडं आहे, तरीही ते सर्फच आहे. फेंडर कंपनीचा स्वतंत्र रिव्हर्बचा डबा १९६१ मध्ये आला आणि त्यानंतर सगळा सीनच बदलला, इतका की बेल-एअर्समधल्या दोन गिटारवाल्यांचं हा आवाज वापरायचा की नाही यावरूनच बिनसलं आणि बँड फुटला. म्हणजे तुम्हाला किती ओलं आवडतं हे आधी ठरवा, कारण पैसे त्याप्रमाणे वाटायचे आहेत.

पैशाची वाटणी

माझं मत सांगतो, शंभर रुपये असतील तर चाळीस गिटारला, तीस अ‍ॅम्पला (आवाज मोठा करणारं यंत्र), पंचवीस रिव्हर्बला आणि पाच रुपये तारा, पिक (तार छेडायची पट्टी) आणि सेटअपला, म्हणजे गिटार नीट जुळवून घ्यायला. आणि तुमच्याकडे आधीच कुठलीतरी सिंगल कॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारेचा कंप पकडणारं चुंबक, सिंगल कॉइल म्हणजे एकाच वेटोळ्याचं) गिटार पडलेली असेल तर नवी घेऊच नका, ते चाळीस पण रिव्हर्ब आणि अ‍ॅम्पकडे वळवा. ज्यांनी हे ऐकलं त्यांच्यापैकी एकालाही पस्तावलेलं मी पाहिलेलं नाही.

आता गिटार

सर्फ आणि फेंडर हे नातं योगायोगाचं नाही. लिओ फेंडरचा कारखाना फुलर्टनला, म्हणजे जिथे ही पोरं समुद्रात लाटांवर फळ्या घेऊन जायची तिथून गाडीने फार लांब नाही. डिक डेल बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये वाजवायचा आणि फेंडरचे अ‍ॅम्प जाळून परत आणून द्यायचा, त्यातूनच पुढे शोमन हा मोठा अ‍ॅम्प आणि त्याला जेबीएलचा १५ इंची स्पीकर ही जोडी तयार झाली. त्यामुळे या आवाजाचं मूळ सामान त्याच कंपनीचं आहे. मूळ अमेरिकन फेंडर घ्यायची मात्र काही गरज नाही, त्यांच्याच स्क्वायर ब्रँडच्या गिटारींवर उत्तम सर्फ वाजतं.

पहिल्या गिटारसाठी माझं उत्तर सरळ आहे, स्ट्रॅटोकास्टर घ्या. १९५४ पासूनचं डिझाइन आहे, तीन सिंगल कॉइल पिकअप, कुठल्याही शहरात मिळते, कुठलाही गिटार दुरुस्त करणारा ती डोळे मिटून उघडतो, तारा-पार्ट सगळं सहज मिळतं, आणि डिक डेल स्वतः आयुष्यभर स्ट्रॅटच वाजवत होता. तो डावखुरा, पण तारा उजव्या हाताच्या गिटारसारख्याच लावलेल्या, म्हणजे जाड तार खाली आणि बारीक वर. ब्रिजकडचा, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथला, पिकअप हा सर्फचा मुख्य आवाज, स्वच्छ आणि टोकदार.

जॅझमास्टर आणि जॅग्वार या दिसायलाच सर्फ आहेत आणि मन तिकडे ओढतंच, मला मान्य आहे. जॅझमास्टर १९५८ ची, जॅझवाल्यांसाठी काढली, त्यांनी फारशी उचलली नाही आणि सर्फवाल्यांनी डोक्यावर घेतली. जॅग्वार १९६२ ची, तिची स्केल (तारेचा वाजणारा भाग) २४ इंच म्हणजे स्ट्रॅट आणि जॅझमास्टरच्या साडेपंचवीसपेक्षा आखूड, हात लहान असेल तर सोपी जाते आणि आवाज जास्त तुटक, खणखणीत. या दोघींचा ट्रेमोलो आर्म (सूर खाली-वर करणारी दांडी) इतका मऊ चालतो की कॉर्डच्या शेवटी हलकेच दाबला की सगळा कॉर्ड पाण्यात बुडाल्यासारखा खाली जातो, तो फील स्ट्रॅटला पूर्ण येत नाही. पण नवशिक्याला या गिटारी त्रास देतात ते पण सांगायला हवं. ब्रिज हलता असतो, बारीक तारा लावल्या की जोरात पिक मारल्यावर तार खाचेतून उडी मारून बाहेर येते, मग खडखड, बझ, ट्यूनिंग जाणं. उपाय आहेत, ११ (म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०११ इंचाची) किंवा त्याहून जाड तारा लावायच्या, नेकच्या (गिटारच्या मानेच्या) खाली पातळ पट्टी घालून तारांचा कोन वाढवायचा, किंवा मस्टँग गिटारचा ब्रिज बसवायचा, तो थेट बसतो. हे करून देणारा माणूस तुमच्या गावात असेल तर बिनधास्त जॅझमास्टर घ्या, नसेल तर स्ट्रॅटवरच सुरुवात करा.

दुकानात जॅझमास्टर किंवा जॅग्वार हातात घेतली आणि आवाज अगदी गढूळ, पांघरुणाखालून आल्यासारखा येतोय असं वाटलं तर घाबरू नका, वरच्या बाजूचा छोटा स्विच बघा. तो वर असेल तर रिदम सर्किट (मऊ आवाजाचं वेगळं सर्किट) चालू आहे, खाली करा, गिटार जिवंत होईल. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या गिटारी "खराब आहे" म्हणून परत ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

फ्लॉइड रोझवाली (तारा घट्ट अडकवणारा ट्रेमोलो), हंबकरवाली (दोन वेटोळ्यांचा पिकअप) मेटलची गिटार मुद्दाम सर्फसाठी घेऊ नका. घरात असेलच आणि पिकअप स्प्लिट होत असेल, म्हणजे एकाच वेटोळ्यावर चालत असेल तर शिकायला चालेल, पण जाड तारा लावताना फ्लॉइड रोझ फार छळतो.

दुकानात जाऊनच घ्या, जमेल तोवर. मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये जाऊन चार गिटारी हातात घेतल्या तरी ऑनलाइन फोटो बघून कळणार नाही ते कळतं. प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवून बघा, नेक एका डोळ्याने बंदुकीसारखी धरून बघा, सगळे स्विच आणि नॉब हलवून खरखर येते का ऐका. ट्रेमोलो आर्म चार-पाच वेळा दाबून सोडा आणि लगेच ट्यूनर लावा. थोडं सरकलं तर सेटअपने सुटतं, पण पाऊण स्वर सरकलं तर दुसरी गिटार बघा.

तारा आणि पिक

इथे स्वस्तात सगळ्यात मोठा फरक पडतो. नवीन गिटारवर ९ किंवा १० च्या बारीक तारा असतात, बेंड मारायला, म्हणजे तार ताणून सूर चढवायला छान, पण सर्फमध्ये बेंड फारसे नसतातच, इथे तार जोरात आणि सलग मारायची असते आणि बारीक तार त्याखाली लोळते, सूर वर जातो. डिक डेलची सगळ्यात बारीक तारच ०.०१६ इंचाची होती आणि जाड ०.०६० च्या आसपास, तेवढ्या जाड लावायला सांगत नाही, बोटं सोलली जातील. ११ चा सेट घ्या, शक्यतो तिसरी तार गुंडाळलेली असलेला, डॅडारिओचा ११-४९ चा असा एक सेट मिळतो. जॅग्वार असेल तर १२ पण चालेल कारण स्केल आखूड असल्याने ताण कमी होतो.

फ्लॅटवाउंड तारा, म्हणजे वरून सपाट पट्टीने गुंडाळलेल्या, त्या काळी सर्रास वापरायचे. त्यांचा आवाज गोल आणि थडथड असतो, ग्लिसांडो मारताना, म्हणजे तारेवरून घसरताना बोट खरवडत नाही. महाग आहेत पण वर्षभर टिकतात, आणि कोकणात-मुंबईत पावसाळ्यात साध्या तारा तीन आठवड्यांत काळ्या पडतात त्या हिशोबाने परवडतात. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने पुसायचं, केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या, एवढं केलं तरी पुष्कळ.

जाड तारा लावल्या की सेटअप हा करायचाच. नटच्या (गिटारच्या डोक्याकडच्या पट्टीच्या) खाचा थोड्या रुंद कराव्या लागतात, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) बघावा लागतो, आणि स्ट्रॅट असेल तर मागच्या स्प्रिंगा तीनच्या चार कराव्या लागतात नाहीतर ब्रिज वर उचलला जातो. पहिल्यांदा जाणकाराकडून करून घ्या आणि शेजारी बसून बघा.

पिक जाड घ्या, एक मिलिमीटर किंवा जास्त. पातळ पिक वेगात मागे राहतं.

अ‍ॅम्प: मोठा आवाज, पण स्वच्छ

सर्फ म्हणजे डिस्टॉर्शन नव्हे. अ‍ॅम्प असा हवा की आवाज वाढवला तरी फाटत नाही, म्हणजे ज्याला हेडरूम म्हणतात ती भरपूर हवी. म्हणून १५ वॉटचा छोटा ट्यूब (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प, ज्याची रॉक आणि ब्लूजवाले इतकी तारीफ करतात, तो इथे ड्रमसोबत वाजवताना लवकर फाटतो. फेंडरचे ट्विन रिव्हर्ब आणि डिलक्स रिव्हर्ब हे आदर्श, पण ट्विन ८५ वॉटचा आणि तीस किलोच्या आसपास, चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर विसरा. घरी शिकायला ट्रान्झिस्टरवाला किंवा डिजिटल अ‍ॅम्प अगदी योग्य आहे, रोलंडचे जॅझ कोरस सीरिजचे अ‍ॅम्प स्वच्छ आवाजासाठीच प्रसिद्ध आहेत, बॉस कटानाचा क्लीन चॅनल चांगला आहे. हेडफोनची सोय बघून घ्या, रात्री अकरा वाजता सलग पिकिंगचा रियाज शेजाऱ्यांना सहन होत नाही.

सिंगल कॉइल पिकअप गुणगुणतात, आणि आपल्या घरात ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, मिक्सर सगळं त्यात भर घालतं. गिटार घेऊन खोलीत हळूहळू गोल फिरा, एका दिशेला आवाज सगळ्यात कमी होतो, तिथे खुर्ची मांडा. तारांना हात लावला की गुणगुण थांबते आणि सोडला की येते हे साधारण चालतं, पण स्ट्रिंगला किंवा जॅकला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ताबडतोब बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या पिनला मागे वायरच नसते, हे मी स्वतःच्या घरात बघितलंय.

अमेरिकेतून नातेवाईक अ‍ॅम्प किंवा रिव्हर्ब आणणार असतील तर मागचा व्होल्टेज वाचा. तिकडचं १२० व्होल्ट, जपानचं १००, आपलं २३०. माझ्याकडे न्यू जर्सीहून आलेला एक जुना अ‍ॅम्प पिन बदलून सरळ भिंतीत लावला गेला, दोन सेकंदांत वास आला आणि आतला ट्रान्सफॉर्मर जळाला, तो परत वाइंड करून घेईपर्यंत चार महिने गेले. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, अ‍ॅम्पच्या वॉटेजच्या निदान दुप्पट क्षमतेचा, आणि तो अ‍ॅम्प यायच्या आधी घरात हवा.

रिव्हर्ब: खरा जीव इथे आहे

एका लांब पत्र्याच्या खोक्यात दोन-तीन बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. एका टोकाला गिटारचा सिग्नल कॉइलमधून स्प्रिंगला थरथरवतो, ती थरथर धावत दुसऱ्या टोकाला जाते, तिथून परत फिरते, पुन्हा येते, आणि दुसरी कॉइल तिचा परत सिग्नल करते. वेगवेगळे सूर स्प्रिंगमधून वेगवेगळ्या वेगाने धावतात म्हणून जोरात मारलेल्या एका ठोक्याचं "टप्प-च्यिव" असं काहीतरी होतं, त्यालाच सर्फवाले ड्रिप म्हणतात. ही स्प्रिंगची कल्पना मूळची हॅमंड ऑर्गनवाल्यांकडची, फेंडरने ती तिथून घेतली.

आता महत्त्वाचं, जे कुणी नीट सांगत नाही. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये रिव्हर्बचा नॉब असतो आणि लोकांना वाटतं झालं काम. अ‍ॅम्पमधला रिव्हर्ब प्रीअ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्याच्या) नंतर येतो, आवाजाच्या मागे एक हवा तयार करतो, सुंदर असतो, पण तो सर्फचा नाही. सर्फचा रिव्हर्ब वेगळ्या डब्यात, गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधे असतो, त्यामुळे अ‍ॅम्पमध्ये शिरतो तो आधीच भिजलेला सिग्नल, आणि स्प्रिंगला ढकलायला त्यात एक वेगळी ट्यूब असते जी स्प्रिंग अक्षरशः बदडते. फेंडरच्या त्या १९६१ च्या डब्यावर तीनच नॉब, ड्वेल, मिक्स आणि टोन. ड्वेल म्हणजे स्प्रिंगला किती जोरात मारायचं, मिक्स म्हणजे ओलं किती आणि कोरडं किती, टोन म्हणजे त्या ओल्या आवाजाचा तेजपणा. नॉब दहापर्यंत असतील तर ड्वेल सहा-सात, मिक्स पाच, टोन सहा इथून सुरू करा. ड्रिप येत नसेल तर आधी ड्वेल वाढवा, मिक्स नाही. मिक्स वाढवून फक्त चिखल होतो.

पर्याय काय आहेत? जुना किंवा नव्याने काढलेला फेंडरचा डबा महाग आणि मिळायला अवघड. माझी शिफारस सर्फी इंडस्ट्रीजच्या सर्फीबेअरची, त्यात ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टर आहेत पण स्प्रिंगा खऱ्या, परदेशातून मागवावं लागतं म्हणून कस्टम ड्युटीचे पैसे आधीच बाजूला ठेवा. टँक (स्प्रिंगांचं खोकं) लांब असलेलाच घ्या, साधारण १७ इंची, आखूड टँक जागा वाचवतो पण त्याचा आवाज डब्यातल्यासारखा येतो. तेवढं बजेट नसेल तर पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायची छोटी पेटी. कॅटलिनब्रेडचं टोपांगा हे मुद्दाम त्या जुन्या डब्यासारखं बनवलेलं, बॉसचं एफआरव्ही-१ आता बनत नाही पण सेकंडहँड मिळालं तर उचला. होली ग्रेल किंवा बॉस आरव्ही-६ चा स्प्रिंग मोड शिकायला पुरे. पेडल तपासायची युक्ती, डाव्या हाताने सगळ्या तारा हलक्या धरून बंद करा आणि जाड तारांवर एकच कडक ठोका मारा. नुसता प्रतिध्वनी आला तर ते दुसऱ्या कामाचं पेडल आहे, शेवटी पाण्याचा थेंब पडल्यासारखं काही ऐकू आलं तर घ्या.

खऱ्या स्प्रिंगचा डबा अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवू नका, स्पीकरची थरथर स्प्रिंगला लागते आणि घोंगावायला लागतं. अ‍ॅम्पच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून पण लांब ठेवा, गुणगुण कमी होते. खाली सतरंजीवर ठेवा आणि घरात लहान मूल असेल तर कोपऱ्यात, कारण डब्याला धक्का लागला की अ‍ॅम्पमधून वीज कडाडल्यासारखा आवाज येतो.

एको आणि ट्रेमोलो नंतर बघू. एकच गोंधळ आधी मिटवतो, फेंडरने गिटारच्या दांडीला ट्रेमोलो म्हटलं आणि अ‍ॅम्पमधल्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या इफेक्टला व्हायब्रेटो, प्रत्यक्षात दोन्ही नावं उलटी आहेत, त्यामुळे वाचताना कुणाला काय म्हणायचंय ते बघून घ्या.

पहिल्या संध्याकाळी काय वाजवायचं

जोडणी अशी, गिटार, मग रिव्हर्ब, मग अ‍ॅम्पचा क्लीन चॅनल, गेन (आवाज फाडणारा नॉब) कमी, ट्रेबल मध्याच्या वर. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, ब्रिज पिकअप.

'मिसरलू' ही मूळ पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी चाल, अमेरिकेतल्या सर्फवाल्यांच्या कितीतरी आधीची. डिक डेलचे वडील लेबनीज, काका ऊद वाजवायचे, तिथून ती त्याच्या कानात होती. आणि आपल्याला इथे एक मोठा फायदा आहे, कारण त्या चालीचे स्वर म्हणजे आपला भैरव थाट. राग भैरवचं आंदोलन, चलन वेगळी गोष्ट, पण स्वर तेच, कोमल रे आणि कोमल ध, बाकी शुद्ध. घरात कुणी सकाळी भैरव गात असेल तर ही चाल तुम्हाला परकी वाटणारच नाही.

सगळ्यात जाड तारेवर, एकाच तारेवर, मोकळी तार सा धरा. पहिला फ्रेट कोमल रे, चौथा ग, पाचवा म, सातवा प, आठवा कोमल ध, अकरावा नी, बारावा वरचा सा. मेट्रोनोम ७० वर ठेवा, प्रत्येक ठोक्यात चार वेळा पिक, खाली-वर-खाली-वर, प्रत्येक स्वरावर दोन ठोके, आणि बारापर्यंत जाऊन परत या. हात मनगटातून हलवा, कोपर ताठ झालं की थांबा, हात झटका, परत सुरू करा. तळहाताची कडा ब्रिजवर हलकीशी टेकवली की स्वर आखूड होतात आणि ड्रिप जास्त ऐकू येतो, उचलली की आवाज पसरतो, दोन्ही करून बघा. सलग दोन मिनिटं एकसारखं आलं की ७४ करा, मग ७८. वरच्या सा वरून खाली येताना एकदा बोट न उचलता तारेवरून घसरत मोकळ्या तारेपर्यंत आणा आणि शेवटी आर्म हलकेच दाबून सोडा. खोक्यातल्या स्प्रिंगा त्यानंतर दोन-तीन सेकंद वाजत राहतात, पुढचा स्वर तोपर्यंत मारू नका.